गेज खातं तेवढं

"तुम्ही आंधळे नाही. तुम्ही फितूर झालात!" डेल्मार कुचेरा मुख्य परीक्षकाच्या तोंडावर ओरडला. "सलग पाच रविवार ती बाई जिंकते, आणि तिच्या शॉकअपना हात लावायची तुमची छाती होत नाही. का? कोणाला घाबरता?"

परीक्षकाने टोपी मागे सारली. मोटारींची पहिली शर्यत झाली होती, अंतिम बाकी होती. ऑगस्टचं ऊन, ट्रॅकच्या चारी बाजूंनी मका, आणि माणसांच्या भुवयांवर बसलेली माती.

"नायट्रोजनचा दाब दीडशे पौंडांच्या वर सापडला तर ती बाद," तो म्हणाला. "नाही सापडला तर तू बाद, डेल. हंगाम संपेपर्यंत. आहे कबूल?"

"कबूल."

"मोजायचं साधन आमच्याकडे नाही."

"माझ्याकडे आहे."

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. गाड्या जिथे तयार होतात त्या अख्ख्या पिटमध्ये नायट्रोजनची टाकी एकट्या डेल्मारकडे. वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडून आणलेली, कमरेएवढी उंच, पिकअपला साखळीने बांधलेली. दाब आवरणारा रेग्युलेटर त्याने विमानं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातापाया पडून मिळवला होता. नळी आणि दाब मोजणारं गेज जुळवण्यात एक हिवाळा गेला. शॉकअपच्या पोटात गॅस कमी पडला की गाडी वळणावर उडायला लागते. म्हणून दर रविवारी दहा-बारा जण त्याच्यापुढे रांग लावत. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या शॉकअपची चारही टोपणं तर दिवसातून चारदा उघडत. शर्यतीआधी मोज, शर्यतीनंतर मोज, भर, पुन्हा मोज. तरी त्याचा आकडा कधी जागेवर राहत नसे.

आर्डिस त्या रांगेत कधीच आली नाही.

आर्डिस म्हणजे त्याची बायको. सव्वा वर्षापूर्वीपर्यंतची. घटस्फोटात तिने घर मागितलं नाही, शेडमधली जुनी शर्यतीची गाडी मागितली. त्याने हसत हसत देऊन टाकली. आता त्याच गाडीचं मागचं बंपर तो दर रविवारी बघत होता.

पण हरण्याचं एवढं काही नव्हतं. त्याला एकच गोष्ट आतून कुरतडत होती. हिला गॅस भरून देतो कोण? गॅसवाल्याकडे चौकशी केली, तिच्या नावावर टाकी नाही. दोन गॅरेजांत आवाज बदलून फोन केले. आज सकाळी तिच्या पिकअपच्या काचेला नाक लावून मैलांचा आकडाही बघून घेतला. गेल्या रविवारपेक्षा एकशे बारा जास्त. एवढी कुठे गेली होती? कोणीतरी होता. असलाच पाहिजे. हातात पाना घेऊन तिच्या गाडीखाली लोळणारा कोणीतरी.

तो टाकी ढकलत निघाला तसा शेजारच्या गाडीवाला बड ओरडला, "काय रे डेल, टाकी घेऊन सासरवाडीला का?"

सगळे फिदीफिदी हसले. डेल्मारचे कान लाल झाले.

आर्डिस टायरच्या चळतीवर बसून कोबी-खिमा भरलेला पाव खात होती. ती उठली नाही. "पुढच्या उजव्यापासून सुरू कर," ती म्हणाली. "तुला तोच जास्त खुपतोय."

"कोण आहे तो?" डेल्मारने दात आवळून विचारलं.

"मोज की."

तो गुडघ्यांवर बसला. व्हॉल्व्हच्या टोपणाला हात घातला आणि तसाच राहिला.

टोपणाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा वाळलेला थेंब होता. अर्धा टोपणावर, अर्धा व्हॉल्व्हवर. कोणी टोपण जरा फिरवलं की तो तडकणार. तडकला नव्हता. आपल्या माघारी कोणी हात लावला का, हे कळावं म्हणून असा थेंब लावणारा माणूस त्या पिटमध्ये एकच होता. नेलपॉलिश आर्डिसचं, थेंब डेल्मारचा.

"थांबलास का?" परीक्षक म्हणाला. "उघड."

थेंब तडकला. त्याने नळी जोडली. काटा चढला आणि एकशे चाळीसवर उभा राहिला. नळी जोडली की त्याचं गेज दहा पौंड खातं, हे तो झोपेतही सांगेल. म्हणजे आत दीडशे होते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने स्वतःच्या हाताने भरले होते तेवढे. त्याने वाकून बाकीची तीन टोपणं पाहिली. तिन्ही थेंब शाबूत.

"नियमात आहे," परीक्षक म्हणाला. "तुझ्या गेजने खाल्लेले दहा तिला परत भरून दे. आणि गाडी ट्रेलरवर चढव. पुढच्या वर्षी भेटू."

लोक पांगले. डेल्मार मातीतच बसून होता.

"कोणीच नाही?" तो म्हणाला. "आणि तू सव्वा वर्षात एकदाही बघितलं नाहीस? आत किती आहे ते? गॅस उतरला असता म्हणजे?"

"बघत बसले असते तर उतरलाच असता." आर्डिसने कागदाचा बोळा केला आणि त्याच्यासमोर उकिडवी बसली. "गेज लावलं की थोडं जातंच. तूच शिकवलंस ना मला?"

मग ती आवाज न चढवता म्हणाली,

"मग सांग आता. ‘कुठे होतीस, कोणाबरोबर होतीस?’ दिवसातून किती वेळा लावायचास ते गेज मला? आकडा सांग, डेल."