फाटकी केप

पडद्यावर वादळ्याने गच्चीवरून झेप घेतली आणि त्याची केप वाऱ्यावर पसरली. डाव्या खांद्यावर ती फाटलेली होती, चाळीस वर्षांपूर्वीच्या चित्रकथेत असायची अगदी तश्शी. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या चित्रकाराच्या बायकोनेही टाळ्या वाजवल्या. त्या फाटक्या कडेचे लोंबते धागेसुद्धा त्यांनी मोजून दोनच ठेवले होते, हे पाहून तिला भरून आलं.

खेळ संपला. दिग्दर्शकाने तिच्या नवऱ्याला हात धरून मंचावर नेलं.

"सर, सगळा सिनेमा मी या एका फाटक्या केपवर उभा केलाय. जगाला वाचवतो, पण स्वतःचं फाटलेलं त्याला शिवता येत नाही. कसं सुचलं हो तुम्हाला?"

यांनी माइक घेतला, घसा खाकरला. "सुचत नसतं. महिनाभर डोक्यात घोळत होतं."

तिची कानशिलं तापली.

महिनाभर! त्यांच्या घरात पेन्सिल यांची आणि शाई तिची; हे चित्र काढायचे, ती शाईने गिरवायची. त्या दिवशी छापखान्याचा माणूस दारात खोळंबला होता आणि मांडीवरच्या आठ महिन्यांच्या लेकीने दौतीला लाथ मारली. वादळ्याच्या खांद्यावर बटणाएवढा काळा डाग. नवं पान काढायला वेळ नव्हता. लेकीला काखेत दाबून तिने डागाच्या कडा ओढल्या, दोन धागे लोंबवले आणि डागाचं भगदाड करून टाकलं. अंक आल्यावर हे आठवडाभर धुसफुसले. माझ्या वादळ्याला पार भिकारी करून ठेवलंस, म्हणाले. पुढच्या अंकात यांनी केप धड काढली. वाचक विचारतील म्हणून तिनेच ती पुन्हा फाडली. मग दर अंकात, अकरा वर्षं.

तीच लेक आता शेजारी बसली होती, मांडीवर स्वतःचं बाळ घेऊन. लाथेची गोष्ट तिला तोंडपाठ होती.

"आई, बोल ना काहीतरी."

"मी काय बोलणार? डोक्यात यांच्या घोळत होतं," ती म्हणाली आणि पर्सची चेन खसकन ओढली.

बाहेर टेबल मांडलं होतं. दिग्दर्शकाने जाड कागद पुढे केला. ऑफिसात लावायला सरांच्या हातचा एक वादळ्या हवा होता. यांनी पेन्सिल उचलली. हात आता फार कापायचा, रेघा केसाळ यायच्या, पण जबडा, मूठ, खांद्यावरचं भगदाड, सगळं जागच्या जागी उतरलं. खाली झोकात सही केली. आणि मग, मान वर न करता, आयुष्यभर सरकवला तसाच कागद डावीकडे सरकवला.

"अगं, जरा शाई मार."

तिने पर्समधून पेन काढलं. जबडा एका दमात ओढला. मूठ आवळली. केपची कड मानेपासून निघाली, भगदाडापाशी आली, क्षणभर थांबली आणि सरळ पुढे गेली. मग तिने रबर फिरवलं. पेन्सिलचं भगदाड पुसलं गेलं. भुगा फुंकून तिने कागद परत उजवीकडे सरकवला. केप कोरी करकरीत, आत्ताच शिंप्याकडून आणल्यासारखी.

दिग्दर्शक वाकून पाहू लागला. "काकू, ते फाटलेलं राहिलं."

"ते माझं काम नाही," ती म्हणाली. तिने पेन नवऱ्याच्या बोटांत अडकवलं. "महिनाभर घोळलंय ते ज्यांच्या डोक्यात, त्यांनाच फाडू दे."

लेकीने बाळाचा पाय हळूच टेबलापासून मागे घेतला. सगळे वाट पाहत उभे राहिले. पेनाचं टोक धडधाकट केपच्या वर थरथरत होतं, कागदाला काही टेकत नव्हतं.