ऐंशी किलोची हवा

बाबांच्या जुनाट माउंटन बाइकच्या पुढच्या चाकाला बसेल असा नवा सस्पेन्शन फोर्क शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. मिळाला तो हवेवर चालणारा. चालवणाऱ्याचं वजन बघून त्यात पंपाने हवा भरायची, म्हणजे खड्ड्यात फोर्क दबतो आणि हातांना दणका बसत नाही. बाबा म्हणजे चांगला ऐंशी किलोचा गडी. मी ऐंशीच्या हिशेबाने हवा भरली आणि त्यांना चक्कर मारायला पाठवलं.

गल्लीच्या टोकावरूनच ते परत आले. "दगड आहे नुसता! जुनाच बरा होता."

मी फोर्क उतरवला, तपासला, पुन्हा बसवला. पुन्हा तेच. "मनगटं गेली माझी."

"तुम्हाला काहीही आणून द्या, नाक मुरडायचं ठरलेलंच! आता भिंतीला धरून सायकलवर बसा. हलू नका."

दुकानदाराला शिव्या घालत मी हवा सोडत राहिलो. फोर्क दबायचं नाव घेईना. आणखी सोडली, आणखी सोडली, तेव्हा कुठे तो जेवढा दबायला हवा तेवढा दबला. वैतागून मी पंप लावून काटा बघितला. एवढी हवा पन्नास किलोच्या माणसाला लागते.

मी मान वर केली. हल्ली घरातही अंगावरून न उतरणाऱ्या जाड जॅकेटची चेन बाबांनी गळ्यापर्यंत ओढली.

"फोर्क चांगला आहे रे," ते म्हणाले. "उगाच नावं ठेवली मी त्याला."