शकूचा एक प्रश्न

“नऊ,” झुंबरने वहीत लिहिलं. मग ते खोडून साडेनऊ केलं.

दहापैकी साडेनऊ गुण त्याने आजवर कुणालाच दिले नव्हते. मुंबईच्या एका व्यावसायिक महिला हॉकी संघासाठी तो होतकरू मुली हेरायचा. बोईसरच्या मैदानावर तीन दिवस चाचणी चालली होती. चाळीस मुली आल्या होत्या. त्यांतली घिवलीची रुचिता, वय सतरा, पेनल्टी कॉर्नरवर चेंडू असा भिरकावायची की गोलरक्षक हलेपर्यंत गोलमागची फळी वाजलेली असायची. पळणं जरा जड होतं. पण पळणं शिकवता येतं, मनगट शिकवता येत नाही.

संघाच्या अकादमीत जागा एकच होती. झुंबरने तिथल्या तिथे संमतीपत्र काढलं.

“आईची सही लागंल,” रुचिता म्हणाली. “पण सर, आई लय प्रश्न विचारते.”

झुंबर हसला. आयांचे प्रश्न त्याला पाठ होते, उत्तरंही.

घिवलीला रुचिताची आई शकू घरामागे बोंबील वाळत घालत होती. हात न थांबवता तिने एकेक विचारलं. पोरी राहतात कुठं, जेवायला काय, बारावीचं काय, सोबत बाईमाणूस कोण. झुंबरने फटाफट उत्तरं दिली. शकूने मान डोलावली. झुंबरने पेन पुढे केलं.

“एकच राह्यलं,” शकू म्हणाली. “पाच वर्सांमागं तुमी ज्या पोरी नेल्या, त्या आता काय करतात?”

“दोघी आमच्या पहिल्या संघात आहेत,” झुंबर ताठ होत म्हणाला.

“नेल्या किती होत्या?”

“अकरा.”

“मंग बाकीच्या नऊ?”

झुंबरने पेनाला टोपण लावलं. “माहीत नाही, ताई.”

“मंग म्हाईत करून या. आमी कुठं जातोय? हितंच हाय.”

परतताना रिक्षात तो स्वतःशीच धुमसत होता. तीस वर्षं हॉकीत घालवली, आणि ही बाई बोंबील उलटेपालटे करता करता त्याची परीक्षा घेते! पण बोईसरच्या लॉजवर पोचल्यावर त्याने चहा मागवला, जुनी यादी उघडली आणि फोन लावायला बसला.

चौघींचे नंबर बंद होते. दोघी पोलिसात लागल्या होत्या. एक लग्न करून जालन्याला गेली होती, तिने उलट त्याचीच तब्येत विचारली. एकीने “सर, चुकून लागला का हो फोन?” असं विचारलं आणि तो चुकून लागला नाही हे तिला बराच वेळ पटेना. शेवटची सफाळ्याची कमळी. तिने आवाज ओळखला आणि ती घाबरून म्हणाली, “काय झालं सर? कोण गेलं?”

झुंबरने चहाचा कप दूर सारला. पाच वर्षांपूर्वी याच पोरीला त्याने नऊ गुण दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सफाळ्याला उतरला. स्टेशनजवळ कमळीचं वह्या-पेनांचं छोटं दुकान होतं. तिथे तिच्यासमोर उभं राहून त्याने सगळी हकिगत सांगितली आणि तिला घिवलीला चल म्हणाला.

“मी येऊन काय बोलू तिथं?” कमळीने विचारलं.

“झालं ते सांग.”

“सगळं?”

“सगळं.”

कमळीने झटक्यात शटर ओढलं आणि ती त्याच्या पुढे चालू लागली.

घिवलीला पोचल्यावर तिने खरंच काही हातचं राखलं नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. दुखतोय हे तिने महिनाभर लपवलं, कारण सांगायचं कुणाला तेच कळत नव्हतं. ऑपरेशन संघाने केलं. मग घरी पत्र आलं, ‘आपल्या योगदानाबद्दल आभारी आहोत’. खाली झुंबरसरांची सही. वर नाव मात्र भलतंच लिहिलं होतं, विमल.

“त्यानंतर कालपरेंत एक फोन नाय,” कमळी म्हणाली.

त्या सहीचं झुंबरला काही आठवत नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं. दारात उभ्या रुचिताचा चेहरा उतरला होता. जागा हातची गेली, हे तिला कळून चुकलं होतं. झुंबरलाही.

शकूने कमळीला पाणी दिलं. “तुझी पोर असती, तर धाडली असतीस?”

येताना गाडीत झुंबरने तिला रुचिताचा खेळ मोबाइलवर दाखवला होता. तिने तो तीनदा पाहिला होता.

“धाडली असती, मावशी,” ती म्हणाली. “माझी ती दोन वर्सं लय भारी होती. पण धाडून गप बसले नसते. कुठं दुखलं तर पयलं कुणाला सांगायचं, कुठल्या कागदावर सही करायची नाय, समदं रोज घोकून घेतलं असतं.”

शकूने पदराला हात पुसले. मग संमतीपत्र मांडीवर घेऊन तिने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. रुचिता धावत येऊन तिच्या गळ्यात पडली, तसं शकूने तिला कोपराने बाजूला सारलं आणि मोबाइल काढला.

“फोन नंबर सांगा.”

झुंबरचा जीव भांड्यात पडला. तो खुशीत आपला नंबर सांगू लागला.

“तुमचा नाय, मास्तर,” शकू कमळीकडे बोट दाखवत म्हणाली. “हिचा.”