विहिरीतली ओहोटी

निजामाच्या करोडगिरी नाक्यावरच्या शिपायानं पोती हुंगली आणि नाकाला रुमाल लावून, जकात न मागताच, गाडी सोडून दिली. ईट गावच्या वीरप्पांना एवढ्यातच व्यापार जिंकल्यासारखं वाटलं. मासळीचं नाव काढलं तरी चूळ भरणाऱ्या या लिंगायतानं पानमळ्यासाठी सुक्या मासळीचं खत आणलं होतं.

वेली तरारल्या. पण पावसात खत विहिरीत उतरलं आणि पाणी शेवाळानं हिरवंगार झालं.

"उद्या विहीर उपसून टाकतो," वीरप्पा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या की," त्यांची बायको शांताक्का म्हणाली. "आमच्या कुमट्याला समुद्र असा हिरवा झाला की बाबा म्हणायचे, माशांचं गवत उगवलं."

"म्हातारी झालीस तरी कुमटाच."

"तुमी एकदा तरी नेलंत का माघारी?"

वीरप्पा घाईनं वेली बांधायला गेले.

शांताक्का विहिरीवर आली. सकाळपेक्षा पाणी हातभर खाली गेलं होतं, आणि मोट तर दिवसभर चाललीच नव्हती. खालून ओल्या दोरखंडांचा, लहानपणीच्या बंदराचा वास येत होता. तिचे डोळे भरून आले.

तिनं बादली सोडली. बादली तरंगत मावळतीकडं निघाली. समोरच्या दगडांना लागून ती थांबायला हवी होती. थांबली नाही. दोर हातातून सरकतच राहिला.

"किती खोल सोडतीस गं?" वीरप्पांनी मळ्यातून विचारलं.

"खोल न्हाय. लांब चाललीय," शांताक्का म्हणाली, आणि वाळूत उतरताना काढायची तशा तिनं वहाणा काढल्या.