भिंतीवरची खिडकी

किलारड्राच्या हवेलीची एक खिडकी खोटी होती. दोन्ही अंगं सारखी दिसावीत म्हणून हेस्टरच्या पणजोबांनी ती भिंतीवर नुसती रंगवून घेतली होती. घरात मयत झालं की बाकी खिडक्यांचे पडदे खाली ओढत. हिचा रंगवलेला पडदा मात्र कायम अर्ध्यावर.

दुपारी दार वाजलं. हेस्टरनं उघडलं तर पायऱ्यांवर गाव जमलेलं. टोप्या हातात, पावाच्या टोपल्या, व्हिस्कीची बाटली.

"फार वाईट झालं, बाईसाहेब," म्हातारा मॅलकी म्हणाला.

"अरे, पण गेलं कोण? घरात मी आणि अ‍ॅम्ब्रोज, दोघंच तर आहोत."

तिचा भाऊ मागून खिदळला. "मॅलकी, आधी मला मरू तरी द्या!"

कुणीच हसलं नाही. मॅलकीनं वर बोट केलं. हेस्टरनं अंगणात उतरून पाहिलं. रंगवलेला पडदा पार खाली आला होता.

मॅलकी म्हणाला, "तुमच्या आजोबांच्या वेळीही असाच उतरला होता. तुमच्या वडिलांच्या वेळी आम्हाला यायला जरा उशीर झाला."

हेस्टरनं भावाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच पाहत होता.

"पण आम्ही दोघंही जिवंत आहोत!"

"दिसतंय ना," मॅलकी हळूच म्हणाला आणि पायरीवर टेकला. "आम्ही थांबतो."