चारशे ब्रेल पत्रं

"बाई, एवढी पत्रं आलीत, पण आमच्या ऑफिसात एकालाही वाचता येत नाहीत!" कंपनीचा मॅनेजर फोनवर काकुळतीला आला होता.

अंधशाळेच्या निरगुडकरबाई गालातल्या गालात हसल्या. छापील पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र त्याच्या कंपनीने बनवणं थांबवलं, तेव्हापासून अंध ग्राहक ईमेल करत होते : 'नवं नका बनवू, पण जुन्याचं सॉफ्टवेअर तरी सगळ्यांसाठी खुलं करा. बिघडलं तर आमचे आम्ही दुरुस्त करू.' उत्तर एकच यायचं : 'उत्पादन बंद झाले आहे.' शेवटी बाईंनी चारशे जणांना ब्रेलमध्ये पत्रं लिहायला लावली.

दुसऱ्या दिवशी पांढरी काठी टेकत त्या कंपनीत गेल्या आणि ढिगातलं एकेक पत्र बोटांनी वाचून दाखवू लागल्या. यंत्र बिघडल्याने कुणाची परीक्षा अडली होती, कुणाची नातीला सांगायची गोष्ट. विसाव्या पत्राला मॅनेजरने हात टेकले.

"पुरे, बाई. करतो खुलं. पण तुम्हा लोकांना दिसत नाही, दुरुस्त करणार कसं?"

बाईंची मान ताठ झाली.

"तुमच्या अख्ख्या ऑफिसाला दिसतं की," त्या म्हणाल्या, "तरी पत्रं वाचायला मलाच यावं लागलं."