एका कामापुरता संकल्प

"आजपासून मी काहीही विसरणार नाही," गार्गी तळहातावर पाणी घेऊन म्हणाली.

"अगं, तुझ्यासारखा लक्ष उडण्याचा त्रास, एडीएचडी, नसूनही मला हे जमायचं नाही!" योगवर्गाच्या सुलूताई हसल्या. "एकाच कामापुरता संकल्प कर."

गेल्या आठवड्यात फोन वाजताच गार्गी टबातल्या बाळाला विसरून उठली होती. सासूबाई धावल्या म्हणून निभावलं.

आज घरात ती एकटीच. "बाळ पाण्यात आहे तोवर मी इथेच," असं पुटपुटत तिने त्याला टबात बसवलं. बेल वाजली. ती अर्धवट उठली, तेच पुटपुटत पुन्हा बसली. इतक्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. तरी आधी तिने बाळाला उचलून टॉवेलात गुंडाळलं, मगच त्याला घेऊन धावली.

गॅस बंद करून ती मटकन खाली बसली. "भाजी जळाली रे, राजा," म्हणाली आणि बाळाला कवटाळून हमसाहमशी रडली.